हिरवी झाली की काढायची

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथे एका परदेशी गिऱ्हाइकाची भेट ठरली तेव्हा रिसेप्शनला नवा रंग लागला आणि सजावटवाल्याने सहा ऑर्किडं आणून खिडकीपाशी टांगली. व्हँडा जातीची, असं नंतर कळलं. लाकडी पट्ट्यांच्या लहान टोपल्या, त्यांत माती नाही, काहीच नाही. टोपलीतून खाली हातभर लोंबणारी मुळं आणि वर जांभळी, जाळीसारख्या नक्षीची फुलं. पाहुणे आले, फुलांपाशी त्यांनी फोटो काढले, नवी लाइन पाहिली आणि गेले. झाडं तिथेच राहिली. रिसेप्शनचा एसी दिवसभर चालू. आधी फुलं गळली, मग पानांना उभ्या सुरकुत्या पडल्या, आणि दोनेक महिन्यांनी ॲडमिनने ती स्क्रॅप यार्डात टाकायला सांगितली.

मी त्या दिवशी यार्डात रिजेक्ट मालावर लाल रंग मारून घेत होतो. मला झाडांची आवड होती असं नाही. लातूरला घरी तुळस आहे, तिला पाणी बायको घालते. पण ढिगावर टाकलेल्या एका टोपलीतल्या मुळाचं टोक, काडीच्या गुलाएवढं, हिरवं होतं. रिजेक्ट म्हणून आलेल्या ढिगात चांगला पार्ट दिसला की हात थांबतो. तसा थांबला. गेटवर सिक्युरिटीने अडवलं, तेव्हा गेटपास करावा लागला. ‘झाडे, नग सहा, वापरास अयोग्य.’ खाली माझीच सही.

मी मोशीत एका जुन्या शेतकरी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोन खोल्या, समोर गच्ची. बायको लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मुलगी तिच्याजवळ शिकते. मी महिन्यातून एकदा जातो. खाली घरमालक. म्हणजे मालक कागदावर मुलगा, पण तो गाड्यांच्या धंद्यापायी आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात असायचे ते त्याचे वडील, ज्यांना सगळी आळी आबा म्हणते, आणि सून. तिला मी वहिनी म्हणतो. आबांची जमीन घराला लागूनच होती. आता तिथे बारा-बारा मजली इमारती आहेत आणि आमच्या गच्चीवर दुपारी तीननंतर त्यांची सावली पडते. आबा त्याबद्दल काही बोलत नसत. सावली पडली की खुर्ची उचलून उन्हात ठेवत, एवढंच.

सहा टोपल्या मी टाकीखालच्या पाइपला टांगल्या. आबा वर आले, त्यांनी एक टोपली हातात घेऊन उलटी-सुलटी केली.

“बांडगूळ हाय हे.”

“नाही आबा. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस पितं. हे कुणाचं काही घेत नाही. नुसतं हवेत राहतं.”

“हवेत?” आबा म्हणाले. “मंग पाणी कशाला घालायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं. फोनवर बघून, वाचून शिकलो. या झाडाच्या मुळांवर पांढुरकी जाड साल असते, ती स्पंजासारखी पाणी पिते. कोरडं मूळ चंदेरी दिसतं. बादलीत बुडवलं की दहा-पंधरा मिनिटांत हिरवं होतं. हिरवं झालं की पोट भरलं, तेव्हा काढायचं. पुढे ते वाऱ्यावर सुकू द्यायचं आणि पुन्हा चंदेरी झालं की पुन्हा पाणी. जे मूळ भिजवूनही हिरवं होत नाही, बोटांत धरलं तर कागदासारखं पोकळ लागतं, ते मेलेलं. ते ब्लेड तापवून, गार करून कापायचं, आणि कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावायची. चांगल्या मुळाला ती लागू द्यायची नाही, ती मूळ सुकवते.

पहिल्या रविवारी मी गच्चीवर बसून सहाही झाडं तपासली. टोपलीगणिक मुळं मोजली, मेलेली कापली. एका झाडाला एकही जिवंत मूळ राहिलं नाही. नुसती पानं आणि दांडा. ते मी ओल्या नारळाच्या काथ्यात गुंडाळून सावलीत ठेवलं आणि महिनाभराने टाकून दिलं. राहिली पाच.

पाण्याचाही प्रश्न होता. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. त्या पाण्याने मुळांवर चुन्यासारखा पांढरा थर धरला. वहिनींना सांगितल्यावर त्यांनी खालच्या फिल्टरचं पाणी दोन कॅन भरून द्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी ड्रममध्ये धरायचं ठरलं. नाव ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, “व्हँडा कसला भाऊ, वांधाच आहे हा.”

खरा वांधा शिफ्टचा होता. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस पावणेसहाला मोशीच्या चौकात. मग झाडं भिजवायची ती परत आल्यावर, साडेचारला. तोवर गच्चीवर सावली आलेली असायची. मुळं रात्रभर ओली राहायची, आणि एकदा तर पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साठून राहिलं. चार दिवसांनी त्या झाडाचं मधलं पान ओढल्यावर अलगद हातात आलं. बुडाशी काळं, वास येणारं. हे झाड माझ्या चुकीने गेलं. राहिली चार.

आबांनी ते पान माझ्या हातातून घेऊन हुंगलं.

“संध्याकाळचं पाणी हाय हे. कांद्याला बी असंच व्हतं. सकाळी घालत जा.”

“सकाळी मी कंपनीत असतो, आबा.”

“मी काय करतोय खाली बसून? मी घालतो. तुमी फक्त किती वेळ ते सांगा.”

मी त्यांना दाखवलं. चारही टोपल्या एकेक करून बादलीत, मुळं हिरवी होईस्तोवर. घड्याळ बघायची गरज नाही, मुळं सांगतात. आबांना ते पटलं. जमीन बघून पाणी दिलं, घड्याळ बघून कधी दिलं नाही, असं ते म्हणाले. पहिल्या दिवशी मी तिथे उभा होतो. त्यांनी मूळ पाण्याखाली धरलं आणि रंग चढायला लागल्यावर चेहरा जवळ नेऊन बघत राहिले. “लई भारी,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर फर्स्ट शिफ्टचा आठवडा आबांचा, बाकीचे दोन माझे. पावसाळा गेला, थंडी आली. एका झाडाला पानांच्या बगलेतून नवं मूळ फुटलं. साल फाडून बाहेर येणारं हिरवं, चकचकीत टोक. मी त्याचा फोटो बायकोला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

थंडी ओसरताना मात्र, जानेवारीत, मुळं बिघडायला लागली. सुकून नव्हे, तर सडून. तपकिरी, मऊ. दाबलं की वरची साल निघून आत नुसता दोरा राहायचा. एवढ्या कोरड्या हवेत मूळ सडणं मला समजेना. मी पाणी बदललं, खत बंद केलं, टोपल्यांमधलं अंतर वाढवलं. कंपनीत आम्ही रिजेक्शन शिफ्टप्रमाणे लावून बघतो. कुठल्या शिफ्टला माल जास्त खराब होतो ते कळलं की निम्मं काम होतं. मी कॅलेंडरवर तेच केलं. सडलेलं मूळ दिसलं की त्या तारखेवर खूण. दोन महिन्यांनी खुणा स्पष्ट दिसत होत्या. सगळ्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात किंवा त्याच्या लगेच पुढे. मला वाटलं, आबा झाडं बादलीत जास्त वेळ ठेवत असतील. विचारायचं म्हणून मनात ठेवलं आणि विचारलं नाही.

मग एका फर्स्ट शिफ्टला लाइनवर मशीन बंद पडलं, पार्टच नव्हते, म्हणून आम्हाला लवकर सोडलं. दहा वाजता मी घरी आलो. आबा गच्चीवर होते, बादलीत टोपली.

“आज उशीर झाला जरा,” ते म्हणाले.

“चालतंय,” मी म्हणालो आणि आत जाऊन आडवा झालो.

बारा वाजता बादलीच्या कडीचा आवाज आला. उठून बघितलं तर आबा पहिली टोपली बादलीत सोडत होते. मला बघून म्हणाले, “आज उशीर झाला जरा.”

मी दारात उभा राहिलो. आधी वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा असतो तसाच होता. चारही टोपल्या त्यांनी नीट भिजवल्या, निथळल्या, पाइपला टांगल्या, बादली उपडी घातली आणि कठड्याला धरून खाली गेले. आतल्या कॉटवर बसून राहिलो.

अडीचला ते परत आले. या वेळी मी बाहेर गेलो.

“आबा, सकाळी घातलंय की पाणी.”

“कुणी? मी तर आत्ता वर येतोय.”

“तुम्हीच.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हात वर करून टोपलीचं मूळ बोटांत धरलं. मूळ गडद हिरवं होतं, पाणी पिऊन टच्च. शेजारच्या टोपलीचं बघितलं. तिसऱ्या, चौथ्या. चारही हिरवी.

“हिरवी हायेत,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग कुणी घातलं?”

ते बादली हातात घेऊन उभे राहिले. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबला तेव्हा आबांनी बादली जागेवर ठेवली. म्हणाले, “घरात बोलू नका.” आणि खाली गेले.

संध्याकाळी मी बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. ती वॉर्डात अशी माणसं बघते.

“किती दिवस चाललंय हे?”

“दोन-तीन महिने असेल. मुळांवरून तेवढंच दिसतंय.”

“खाली सांगा. आजच सांगा. लवकर दाखवलं तर फरक पडतो.”

“ते नको म्हणालेत.”

“ते म्हणणारच,” ती म्हणाली.

कंपनीत एखादा दोष सापडला आणि तो शिफ्ट संपायच्या आत कळवला नाही, तर माझ्यावर कारवाई होते. ते मला बरोबरच वाटतं. इथे मी कळवलं नाही. त्याऐवजी टॅग केला. आमच्याकडे मालाला अडकवायचे प्लास्टिकचे टॅग असतात, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवे. रद्द झालेला एक टॅग मी आणला आणि पाइपला बांधला. सकाळी निघताना मी लाल बाजू पुढे करून जायचं. पाणी घातलं की उलटून हिरवी करायची. हिरवी दिसली की हात लावायचा नाही. आबांना समजावताना मी म्हणालो की हे माझ्यासाठी आहे, मीच गोंधळतो शिफ्टमुळे. ते ऐकून घेतल्यासारखं करत होते.

“बरं केलंत,” शेवटी म्हणाले. मला जे झाकायचं होतं ते त्यांना समजलं होतं.

टॅग चालला. पुढच्या फर्स्ट शिफ्टला एकही मूळ सडलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी संध्याकाळी परतलो की टॅग हिरवा आणि मुळं चंदेरी व्हायला लागलेली असायची. मला बरं वाटत होतं. झाडं सुधारली म्हणजे आबाही सुधारले, असं मी धरून चाललो होतो. या दोन गोष्टी तेव्हा मला वेगळ्या करता आल्या नाहीत.

मे महिन्यात, पाण्याची सगळ्यात ओढ असताना, गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडा राहिला. दुपारीच टँकर रिकामा करून टाकी भरली होती. मी साडेचारला आलो तेव्हा गच्ची धुतल्यासारखी ओली होती, नळीतून शेवटची धार चालू होती, टाकी कोरडी. जिन्यातून पाणी खालच्या ओट्यापर्यंत गेलेलं. वहिनी वर आल्या. त्या एरवी आवाज चढवत नाहीत.

“भाऊ, अहो एवढं पाणी! घरात प्यायला नाही आणि तुमच्या झाडांपायी टाकी रिकामी? जाताना कॉक बघायचा तरी.”

त्यांच्या मागे आबा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. पाइपला बांधलेला टॅग लाल होता.

“चुकलं वहिनी,” मी म्हणालो. “सकाळी घाईत राहून गेला असेल.” टाकी दुपारी भरलेली, मी सकाळपासून कंपनीत. वहिनींच्या ते लक्षात आलं नव्हतं. पुढच्या दोन मिनिटांत आलं असतं.

“त्यांनी न्हाई,” आबा म्हणाले.

वहिनी वळल्या.

“मी असंल.”

“आबा, तुम्ही कशाला...”

“मला आठवत न्हाई,” आबा म्हणाले. “आठवत न्हाई म्हंजी मीच असंल. ह्यांना समदं आठवतं.” ते जिन्याच्या पायरीवर बसले. पायाखाली पाणी होतं, धोतर भिजत होतं. “झाडांना बी मीच मारलं. दिसातनं तीनदा पाणी घातलं मी. ह्यांनी बघितलंय. ह्यांना मीच म्हनलो, बोलू नका.”

वहिनींनी पुढे होऊन त्यांना उठवलं. उठवताना त्यांचं धोतर पिळून घेतलं, जसं लहान मुलाचे कपडे पिळतात तसं नव्हे, तर घाईघाईने, काहीतरी हाताला काम हवं म्हणून.

त्या आठवड्यात त्यांनी आबांना पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. विसरण्याचा आजार, सुरुवातीच्या टप्प्याच्या थोडा पुढे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि रोजचं काम काढून घेऊ नका असंही सांगितलं. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आधी मला विचारलं ते वेगळंच.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं, भाऊ?”

“मार्चपासून.”

“आणि तुम्ही वर बिल्ला बांधलात.”

त्या तेवढंच म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण पुढचे कितीतरी दिवस समोरासमोर आल्यावर कामापुरतंच बोलत होत्या. खोली सोडावी का, असा विचार मी केला. बायको म्हणाली, “आत्ता पळू नका.” मी राहिलो.

मधल्या काळात एक झाड आणखी गेलं. आधीच्या सडण्याने त्याच्या बुडाशीच पोखरलं होतं. राहिली तीन.

पावसाळा लागल्यावर एका रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, वहिनी वर आल्या आणि तिन्ही टोपल्या काढायला लागल्या. गच्चीच्या जिन्याला आता कडी लावत होते, आबांना एकट्याने वर येता येत नव्हतं. “खाली ओट्यावर टांगते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले काम काढून घेऊ नका. मग काम खाली न्यायला हवं ना?”

मी टोपल्या खाली नेऊन लावून दिल्या. ओट्याला पूर्वेचं ऊन आहे, ते गच्चीपेक्षा चांगलं निघालं. मी वहिनींना मुळं दाखवायला लागलो, कोणतं जिवंत, कोणतं मेलेलं. आबा खुर्चीवर बसून होते. वहिनींनी टोपली बादलीत सोडली आणि लगेच उचलायला गेल्या.

“थांब,” आबा म्हणाले.

त्या थांबल्या.

“अजून न्हाई. खालची पांढरी हायेत.” ते पुढे वाकून बघत होते. बराच वेळ गेला. वहिनी बादलीपाशी उकिडव्या बसलेल्या, मी खांबाला टेकून उभा. मग आबा म्हणाले, “हां. काढ.”

त्यांची नजर बरोबर होती. त्यानंतर रोज सकाळी तसंच चाललं. बुडवायचं वहिनींनी, सांगायचं आबांनी. दुसऱ्यांदा कुणी घालू पाहिलं तर वहिनी तिथेच असायच्या. काही दिवस आबांना मी कोण ते आठवत नाही. एकदा त्यांनी मला मीटर बघायला आलेला माणूस समजून पाणी दिलं आणि मीटर कुठे आहे ते दाखवलं. मी मीटर बघितला. पण मुळांचा रंग त्यांना अजून एकदाही चुकलेला नाही. असं का, ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

पुढच्या श्रावणात मधल्या टोपलीला तुरा आला. सात कळ्या. फुलायला तीन आठवडे लागले. आळीतल्या बायका बघून गेल्या, कंपनीतले दोघे फोटो काढून गेले. वहिनींनी एक फूल तोडून देवघरात ठेवलं. मला आतून नको वाटलं होतं, पण झाड आता त्यांचं होतं. आबांनी फुलांकडे फारसं बघितलं नाही. टोपलीखाली हात घालून मुळं चाचपत होते.

या वर्षी मला जनरल शिफ्ट मिळाली. सकाळी साडेआठला निघतो, म्हणजे झाडं मला स्वतःला भिजवता येतील. मी वहिनींना म्हणालो, हवं तर वर नेतो परत.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यांचा वेळ जातो.” मग थोड्या वेळाने, बादली विसळता विसळता म्हणाल्या, “माझा पण.”

सध्या थंडी आहे. मोशीत पहाटे नदीकडून धुकं येतं आणि मुळं दुपारपर्यंत सुकत नाहीत. म्हणून रोज नाही, एक दिवसाआड भिजवतो. मेलेली मुळं आता वहिनी स्वतः कापतात, ब्लेड गॅसवर तापवून. तिन्ही झाडांची मिळून सव्वीस जिवंत मुळं आहेत. मागच्या रविवारी मोजली.